पोळ्याच्या दिवशीची वैरण

विलास भाऊजी गाईंना वैरण घालायचे ते बघत राहावं असं असायचं, आणि गाईंना मारायचे तेव्हा बघवायचं नाही. दोन्ही एकाच माणसाचे हात होते. हे मला त्या वयात समजत नव्हतं, आणि आता गुडघे बोलायला लागले तरी पुरतं समजलं आहे असं नाही. ते मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, गठ्ठा उघडून मूठभर चारा नाकाशी धरायचे, चिमटीत पिळायचे, थोडा जिभेवरही ठेवायचे. आंबटपणा जास्त वाटला तर तो सगळा गठ्ठा बाजूला. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी बाजूला. आणि मग तोच हात मागे जाऊन पाण्याच्या काळ्या पाइपचा तुकडा उचलायचा आणि दारात अडलेल्या गाईच्या नाकाडावर बसायचा. हाडावर पाइप बसल्याचा आवाज कोरडा असतो. लाकूड फोडल्यासारखा नाही, त्याहून बारीक.

आमचं घर या परक्या देशाच्या अगदी दक्षिणेला होतं. त्याच्या पुढे गावं थोडी आणि मग समुद्रच. वारा तिकडून यायचा आणि पत्र्याच्या छपरावर दिवसरात्र हात आपटत बसायचा. धुतलेले कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना काळी बुरशी यायची, ती ताई व्हिनेगरनं पुसायची आणि आठ दिवसांत ती परत यायची. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ, सुनंदा, भाऊजींची बायको. भाऊजी पुण्याला शेतकीचं शिकून इकडे डिप्लोमाला आले, मग या फार्मवर कामाला लागले आणि पुढे मालकानं सगळा कळपच त्यांच्या हाती दिला. मालक त्यांना ‘विल’ म्हणायचा. मग त्यांनी धाकट्या भावाला, दिनकरला, बोलावून घेतलं, आणि दिनकरनं लग्न करून मला आणलं. आमचं सगळ्यांचं गाव नगरच्या बाजूचं. मी चौथी शिकलेली. चौथीनंतर वडिलांच्या बैलांमागं गेले आणि तिथंच राहिले. इंग्रजी मला येत नव्हतं. मराठीही मी फार बोलत नसे.

स्वयंपाकघरात लाकडाची बंद शेगडी होती, आम्ही चौघं तिच्याभोवतीच राहायचो. भाकरीचं पीठ गावातल्या एका दुकानातून यायचं, ते नेहमी जुनं असायचं, त्यामुळे भाकरीला चिरा जायच्या. गाई व्यायला लागल्या की चिकाच्या बादल्याच्या बादल्या. इथली माणसं चीक वासरांना पाजतात आणि उरलेला ओतून देतात. ताई आणि मी मोठाल्या पातेल्यात खरवस करायचो, वेलदोडा असला तर घालायचो, नसला तर नुसता. पहिले काही दिवस फार गोड लागायचा, मग त्याचा वास आला तरी नको व्हायचं. अजूनही मला खरवस चालत नाही. हॉर्नबीत, आता आम्ही राहतो त्या शहरी भागात, शेजारी पुण्याची एक मुलगी राहते, कॉम्प्युटरवर काम करते. परवा मला म्हणाली, ‘काकू, फार्मवरचं लाइफ किती पीसफुल असेल ना.’ मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पुढं सांगावं लागलं असतं.

थंडीतली वैरण कशी निवडायची हे भाऊजींनी मला जेवणाच्या ताटावर शिकवलं होतं. ते जेवताना बरे असायचे. भाकरी पुढे सरकवून म्हणाले, हा पेंढा. यात दम नाही, पण गाय हा रवंथ करत बसते आणि पोटात ऊब धरते. पेंढा म्हणजे गाईच्या पोटातली शेगडी. मग गुळाचा खडा दाखवला. हे बीट. गुरांचं बीट म्हणजे आपलं लाल बीट नाही, पिवळं, डोक्याएवढं, अर्धं जमिनीच्या वर आलेलं. गोड. गाईला गवत आणि बीट समोर ठेवलं तर ती गवताकडे बघत नाही. म्हणून आधी पेंढा, पोट भरेपर्यंत, आणि मग बीट, आणि तेही रोज थोडंथोडं वाढवत. गाईच्या पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. सवय व्हायच्या आत जास्त खाल्लं की पोटात सगळं आंबतं आणि ते आंबलेलं रक्तात जातं. ‘थंडीत गाय आधी अंग गरम ठेवायला खाते, मग वासरासाठी, आणि उरलं तर स्वतःसाठी,’ असं ते म्हणाले आणि ताईकडे वळून म्हणाले, आमटीत मीठ नाही. ताईनं मिठाचा डबा पुढे केला. तो त्यांनी तिच्या तोंडावर मारला. तिचा पुढचा दात त्या डब्यानं गेला. भाऊजींनी जेवण पुरं केलं.

दिनकर असा नव्हता. हे मी नवरा म्हणून झाकून सांगत नाही. मी आले तेव्हा तो गाईंशी मराठीत बोलायचा. ‘चल गं बये, तुझी काय वरात काढू का,’ असं म्हणत कळप शेडकडे आणायचा आणि गाई त्याच्या मागून यायच्या. भाऊजी त्याला हसायचे. ‘तुझ्या गप्पांनी दूध काढायला दुपार होईल,’ म्हणायचे, आणि उशीर झाला की सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली द्यायचे. तो मार खाऊन परत गाईंमागं जायचा. थोरला भाऊ, आणि त्याच्याच जिवावर या देशात आलेला. पण दर थपडेनंतर त्याच्या गाईंशी गप्पा कमी होत गेल्या. मग एके दिवशी त्याच्या हातात पाइप दिसला. मग पाइप रोजचा झाला. मी वासरांच्या गोठ्यातून बघायची. मला त्या घरात पैसा नको होता, गाडी नको होती. मला एकच भीती होती की याचा हात भाऊजींच्या हातासारखा होणार आणि एक दिवस तो माझ्यावर येणार. ती भीती घेऊन मी रोज निजायची आणि रोज उठायची.

पोळ्याच्या थोडं आधी शेडमध्ये एक कालवड अडली. पहिलटकरीण, पहिल्यांदाच दूध काढायच्या मशीनवर चढत होती. अंग थरथरत होतं आणि ती पुढं जाईना. मागून भाऊजी ओरडत होते. दिनकरनं तिची शेपूट धरली आणि पिळली, आणखी पिळली, आणि ती मोडली. काकडी मोडावी तसा आवाज झाला. कालवड अशी ओरडली की मशीनच्या आवाजातही सगळ्या गाईंनी माना वळवल्या. भाऊजी म्हणाले, ‘शिकला एकदाचा.’ दिनकर त्या दिवशी जेवला नाही. शेगडीपुढे बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला. मला वाटलं, हा अजून आहे. हा पुरता गेलेला नाही.

पोळा आला. इकडे तेव्हा थंडीचा शेवट असतो आणि गाई वीत असतात. बैल कुठून आणणार, म्हणून आम्ही गाईंनाच ओवाळायचं ठरवलं. भाऊजी हसले. त्यांना सकाळीच गावात जायचं होतं, वासरांच्या दुधाची पावडर आणायला आणि मालकाबरोबर कुठल्याशा बैठकीला. जाताना दिनकरला म्हणाले, ‘पोळ्या घाल, आरती कर, नाच काय करायचा तो. पण तार मी हलवणार.’ तार म्हणजे बिटाच्या शेतात आडवी ओढलेली विजेची तार. रोज ती थोडी पुढं सरकवायची, तेवढंच बीट गाईंना मिळतं. उशिरा विणाऱ्या गाईंचा एक कळप नुकताच बिटावर आणला होता. त्यांचं आधीचं केल, म्हणजे कोबीसारखी उंच पानांची वैरण, संपलं होतं. पोटं अजून नवी होती, म्हणून तार अगदी थोडी सरकत होती.

ताईनं आणि मी पुरणपोळ्या केल्या. गुळाऐवजी तपकिरी साखर, डाळ शिजायला वेळ लागला, पण पुरण छान झालं. दुपारी परातीत पोळ्या, वाटीत कुंकू आणि तांब्यात पाणी घेऊन गमबूट घालून आम्ही तिघं चिखलातून शेतात गेलो. गाईंना कुंकू लावायला गेलं की त्या मान झटकून पळायच्या. एकीनं माझ्या हातातली वाटीच चाटली आणि तिचं नाक लाल झालं. ताई हसली. दात गेल्यापासून ती तोंडावर हात ठेवून हसायची, त्या दिवशी हात भरलेले होते म्हणून उघडी हसली. शेपूट मोडलेली कालवड दुसऱ्या कळपात होती. दिनकर तिच्यासाठी वेगळी पोळी घेऊन कुंपणापाशी गेला, पण ती त्याला बघून लांब झाली. तो बराच वेळ पोळी धरून उभा राहिला. मग परत आला आणि तारेकडे गेला.

ताई त्याला म्हणाली, दिनकर भाऊजी, तार नको, ह्यांनी सांगितलंय. दिनकर म्हणाला, ‘वहिनी, पोळ्याला आपण कधी बैलाला मोजून घातलंय का? वर्षभर मारच खातात. आज पोटभर खाऊ दे.’ त्यानं विजेचं बटण बंद केलं, खुंट्या उपटल्या, आणि तार पार पुढं नेऊन लावली. पेंढ्याचे गठ्ठे त्या दिवशी त्यानं सोडलेच नव्हते. सणाच्या दिवशी पेंढा कोण घालतं. आमच्याकडे पोळ्याला बैलासमोर कडबा टाकला तर शेजारी नावं ठेवतात. गाई बिटावर अशा तुटून पडल्या की त्यांच्या दातांचा करकर आवाज बांधापर्यंत यायचा. मी दिनकरकडे बघितलं. त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

भाऊजी संध्याकाळी अंधार पडल्यावर आले आणि थेट जेवायला बसले. शेताकडे गेले नाहीत. सकाळी उजाडताना त्यांची हाक ऐकू आली. ती हाक माणसाची वाटत नव्हती.

दहिवर गोठून सगळं शेत पांढरं होतं आणि त्यावर गाई आडव्या पडल्या होत्या. काही पाय ताठ करून मेल्या होत्या, पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली. काही मान वळवून स्वतःच्या कुशीला टेकून बसल्या होत्या आणि दात खात होत्या. काही उभ्या होत्या, पण दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात होत्या, दोन पावलं टाकायच्या आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळायच्या. पातळ, राखाडी शेण, आणि आंबलेल्या ताकासारखा वास सगळ्या शेतावर. कपाळावर कालचं कुंकू तसंच होतं. भाऊजी एका गाईपाशी गुडघे टेकून बसले होते. तिच्या डोळ्यांवर हात ठेवून ते रडत होते, मोठ्यानं, लहान मुलासारखे. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

गुरांचा डॉक्टर आला, मालक आला. ज्या उभ्या होत्या त्यांना आम्ही बिटावरून ओढून, ढकलून पेंढ्याकडे नेलं. डॉक्टर नळी घालून पोटात पांढरी पावडर कालवलेलं पाणी ओतत होता, मानेच्या शिरेत बाटल्या लावत होता. जिला उठवता येईना तिच्यापुढे मालक बंदूक घेऊन उभा राहायचा. कपाळावर, डोळ्यांच्या थोडं वर. एक गोळी, गाय आडवी, पाय थोडा वेळ सायकल चालवल्यासारखे हलायचे. मग दुसरी. पाखरं झाडीवरून उठायची, बसायची, पुन्हा उठायची. एक गाय अगदी विण्याच्या बेतात होती. तिच्या कपाळात गोळी गेली तशी भाऊजींनी कमरेची सुरी काढली आणि तिचं पोट उभं चिरलं. वाफ आली. त्यांनी कोपरापर्यंत हात घातले, पिशवी फाडली आणि वासरू ओढून काढलं, त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, पाय धरून उलटं झुलवलं. वासरू शिंकलं. ते त्यांनी माझ्या हातांत दिलं. ‘पूस. चोळ. थांबू नको,’ म्हणाले. आणि तसेच, रक्तानं माखलेल्या हातांनी, दिनकरकडे चालत गेले.

दिनकर पळाला नाही. भाऊजींनी पहिला तडाखा पाइपनं कानावर मारला, दुसरा तोंडावर. तो चिखलात पडला. मग ते गमबुटांनी मारत सुटले, कमरेत, बरगडीत, डोक्यात. ‘तुला सांगितलं होतं. तुला सांगितलं होतं.’ एवढंच म्हणत होते, प्रत्येक लाथेला एकदा. मी वासरू छातीशी धरून उभी होते. ते ओलं होतं, गरम होतं आणि थरथरत होतं. त्याला खाली ठेवलं असतं तर गारठून मेलं असतं. मी ते चोळत राहिले आणि बघत राहिले. दिनकरच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा येत होता. शेवटी मालकानं बंदूक यूटवर, म्हणजे त्याच्या मागून उघड्या गाडीवर, ठेवली, येऊन भाऊजींना मागून धरलं आणि काहीतरी बोलला. ताईनं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, पुरे विल, बाकीचं घरी जाऊन मिटवा.

बाकीचं घरी मिटलं ते असं. वासरू गोठ्यात ऊब देणाऱ्या दिव्याखाली ठेवून मी घरी आले. दिनकर धुण्याच्या खोलीत फरशीवर बसला होता. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. मी कोमट पाण्यात मीठ आणि हळद घातली आणि कापड घेऊन त्याच्यापुढे बसले. त्यानं मला पुसू दिलं. मग म्हणाला,

‘पोळ्या कुणी केल्या?’

मी म्हटलं, ‘मी आणि ताईनं.’

‘सण कुणाला पाहिजे होता?’

मी कापड पुन्हा पाण्यात बुडवलं. सण सगळ्यांना पाहिजे होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला दिसलं की तो काहीतरी शोधतोय. त्याच्याहून लहान असं काहीतरी. भाऊजींना तो होता, त्याला गाई होत्या, आज गाई नव्हत्या. मी म्हणाले, ‘अहो, आधी तोंड धुऊ दे.’ त्यानं माझ्या तोंडावर हात मारला. पाणी सांडलं. मी उठायला गेले तर त्यानं दाराच्या कोपऱ्यातला पाइप घेतला. तो कसा धरला ते मी बघितलं. अंगठा वर, मनगट आत. अगदी भाऊजींची पकड. पहिला वार खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. आवाज माझ्या आतून आला. दुसरा पाठीवर बसला, तिसऱ्याला मी पालथी होते. तो रडत होता आणि मारत होता.

ताई दारात आली. ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत तिला ओरडायची सवयच राहिली नव्हती. तिनं हळदीच्या पाण्याचं जड पातेलं उचललं आणि दोन्ही हातांनी दिनकरच्या डोक्यावर मारलं. तो भिंतीला टेकून खाली सरकला. मग ती स्वयंपाकघरात गेली, शेगडीचं दार घट्ट लावलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि मला म्हणाली, ‘मंगल, बूट घाल.’

माझा एक हात चालत नव्हता. तिनंच बूट घातले. गाडी ती चालवायची, पण फक्त बाजाराला, आणि भाऊजींनी सांगितलं तर. आम्ही अंगणात येऊन गाडीत बसलो तेव्हा भाऊजी शेताकडून येत होते. त्यांनी मला पाहिलं, माझा खांदा पाहिला, त्यांना सगळं समजलं. ते गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले. ‘कुठं निघालात? खाली उतर.’ ताईनं गाडी सुरू केली. त्यांनी पाइप घेऊन समोरच्या काचेवर मारला. काच फुटली नाही, पण तिच्यावर जाळं पसरलं. ताई मला म्हणाली, ‘खाली वाक,’ आणि गाडी सोडली. भाऊजींना वेळेत बाजूला उडी मारता आली नाही. पत्र्याला काहीतरी लागल्याचा धक्का बसला. मी मागं वळून बघितलं तेव्हा ते मांडी धरून चिखलात बसले होते आणि ताईच्या नावानं ओरडत होते. ताईनं आरशात बघितलं नाही. तिची मान पुढं काढलेली, जाळ्यातल्या एका मोकळ्या फटीतून ती रस्ता बघत होती. वाटेत एकदा म्हणाली, ‘दुखतंय का?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘दुखू दे. जवळ आलंय.’

दवाखान्यात एक उंच, जाडशी नर्स होती. तिनं इथल्या पद्धतीनं ‘किया ओरा’ असा नमस्कार करून आम्हाला आत घेतलं, माझा सदरा कात्रीनं कापला, हाड बसवायच्या आधी सुई दिली. तिनं ताईला विचारलं, हे कसं झालं? ताई गाईनं लाथ मारली असं सांगेल असं मला वाटलं. ती नेहमी तेच सांगायची. या वेळी तिनं तसं सांगितलं नाही. नर्सनं कागद खाली ठेवला आणि हळू आवाजात आणखी काहीतरी विचारलं. ताईनं माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, ‘विचारतेय, घरी परत गेलं तर धोका आहे का?’

मी ताईकडे बघितलं. ‘तुम्ही सांगा,’ म्हणाले. मला कुणासमोर बोलायची सवय नव्हती, आणि जन्मभर मोठ्यांनीच माझं सांगितलं होतं.

‘तुझं तू सांग,’ ताई म्हणाली. ‘माझं मी सांगते.’

इंग्रजी मला येत नव्हतं, पण हो ला काय म्हणतात ते येत होतं. मी ते म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. मग दिनकरचं नाव सांगितलं, पुरतं, आडनावासकट. नर्सनं ते लिहून घेतलं आणि ताईकडे वळली. ताईनं अंगातला स्वेटर काढून खुर्चीवर टाकला, ब्लाऊजची बाही वर केली, दुसरी केली, आणि जुन्या-नव्या वळांचे दोन्ही हात नर्सपुढे टेबलावर आडवे ठेवले.